भाड्याने आणलेला विज्ञानपट आवडला नाही? आधी एवढं तपासा

प्रश्न थोडक्यात असा: अलीकडे सात विज्ञानपट भाड्याने घेऊन घरी पाहिले. '२००१: अ स्पेस ओडिसी' लावला तर पडदा बराच वेळ काळाच राहिला, म्हणून बंद केला. 'डार्क सिटी'चं रहस्य पहिल्याच मिनिटात सांगून टाकलं. 'अरायव्हल' इतका अंधारा की चेहरे दिसेनात; केस, कोट आणि भिंत एकच काळी दिसते. 'इंटरस्टेलर'मध्ये संगीत कानठळ्या बसवतं आणि संवाद ऐकू येत नाहीत. 'ग्रॅव्हिटी' आणि 'द मार्शियन' आवडले, पण त्यांतलं विज्ञान चुकीचं आहे असं लोक म्हणतात, ते कितपत खरं? आणि 'प्रायमर' तर काहीच कळला नाही. यातले चांगले कोणते, टाकाऊ कोणते?

टाकाऊ एकही नाही. पहिल्या चार तक्रारींपैकी तीन तक्रारींचा सिनेमा म्हणून त्या कलाकृतीशी संबंध नाही. त्या तुमच्यापर्यंत पोचलेल्या प्रतीच्या, टीव्हीच्या किंवा गैरसमजाच्या आहेत. 'इंटरस्टेलर'ची तक्रार अर्धी खरी आहे. विज्ञानाबद्दलच्या शंका मात्र अगदी योग्य आहेत आणि त्यांना नीट उत्तर द्यायला हवं, कारण विज्ञानपटाबद्दल मत बनवताना सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

'२००१'पासून सुरुवात करू. तो काळा पडदा म्हणजे बिघाड नाही. १९६८ साली हा चित्रपट मोठ्या थिएटरांत दाखवताना आधी पडदा बंद ठेवून सुमारे तीन मिनिटं संगीत वाजवलं जाई, प्रेक्षक जागेवर बसत. डिस्कवर आणि ऑनलाइन प्रतीत ते संगीत तसंच ठेवलं आहे आणि त्या वेळात चित्र काळं आहे. मध्यंतराच्या वेळीही तेच होतं. संगीत ऐकू येत असेल तर सगळं ठीक आहे, थांबा. संगीतही नसेल तरच केबल तपासा. आणखी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी: पहिली सुमारे २५ मिनिटं एकही संवाद नाही, शेवटच्या वीस-एक मिनिटांतही नाही. दिवे मालवून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बघायचा हा चित्रपट आहे. जेवताजेवता लावलात तर तुमच्या हाती काहीच लागणार नाही, आणि तो दोष चित्रपटाचा म्हणता येणार नाही.

'डार्क सिटी'चं प्रकरण वेगळं आहे. तुम्हाला १९९८ची थिएटरमधली आवृत्ती मिळाली. तिच्या सुरुवातीला एका डॉक्टरच्या आवाजात निवेदन आहे आणि ते पुढच्या तासाभरात हळूहळू उलगडायला हवं ते सगळं सांगून मोकळं होतं. प्रेक्षक गोंधळतील या भीतीने ते जोडलं गेलं. २००८ साली आलेल्या दिग्दर्शकाच्या आवृत्तीत ते निवेदन काढून टाकलं आहे आणि लांबी सुमारे ११ मिनिटांनी वाढली आहे. म्हणून भाडं भरण्याआधी कालावधी बघा: १०० मिनिटांच्या आसपास असेल तर जुनी आवृत्ती, १११ असेल तर दिग्दर्शकाची. जुनीच उपलब्ध असेल तर जाणकारांमधला एक जुना उपाय आहे. सुरुवातीला आवाज पूर्ण बंद ठेवायचा आणि डॉक्टर खिशातलं घड्याळ काढून बघतो तिथे सुरू करायचा. ज्याने अजून पाहिला नाही त्याला हे आवर्जून सांगा. कोऱ्या मनाने पाहिला तर गेल्या शतकाच्या अखेरीच्या सर्वोत्तम विज्ञानपटांत तो बसतो.

आवृत्त्यांचा हा गुंता विज्ञानपटांत इतर प्रकारांपेक्षा जास्त आहे. कारण सरळ आहे: खर्च मोठा, कल्पना नवी, आणि पैसे घालणाऱ्यांना 'लोकांना कळेल का' ही धास्ती. 'ब्लेड रनर' (१९८२) याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण. थिएटरमधल्या आवृत्तीत नायकाचं निवेदन आणि ओढूनताणून जोडलेला सुखान्त आहे. त्या सुखान्तातली डोंगरदऱ्यांची हवाई दृश्यं तर 'द शायनिंग'साठी चित्रित करून उरलेल्या फिल्ममधली आहेत. १९९२च्या आवृत्तीत निवेदन आणि तो शेवट काढला, आणि २००७ची 'फायनल कट' ही दिग्दर्शकाने सर्वस्वी स्वतःच्या मनाप्रमाणे केलेली आवृत्ती. इथे कालावधीवरून ओळखता येत नाही, सगळ्या ११६-११७ मिनिटांच्या आसपास आहेत. नावात 'फायनल कट' लिहिलेलं शोधा, तीच घ्या. 'ब्राझील' (१९८५) घेताना मात्र कालावधी निर्णायक आहे: १४२ मिनिटांची आवृत्ती खरी, ९४ मिनिटांची टीव्हीसाठी कापलेली प्रत चित्रपटाचा अर्थच उलटा करते. 'मेट्रोपोलिस' (१९२७) घेणार असाल तर १४८ मिनिटांच्या आसपासची २०१० सालची पुनर्बांधणी घ्या. बुएनोस आयर्समध्ये २००८ साली सापडलेल्या १६ मिलिमीटरच्या प्रतीतला मजकूर तिच्यात आहे. मधूनच ओरखडे भरलेलं, लहान चौकटीतलं चित्र दिसलं की समजा, तोच सापडलेला भाग. 'लांब म्हणजे चांगली' असा नियम मात्र करू नका. 'एलियन'ची २००३ची दिग्दर्शकीय आवृत्ती मूळ १९७९च्या आवृत्तीपेक्षा मिनिटभराने आखूड आहे, आणि माझ्या मते पहिल्यांदा पाहणाऱ्याने मूळच पाहावी.

एकाच नावाचे दोन चित्रपट ही दुसरी फसगत. 'सोलारिस' १९७२चाही आहे आणि २००२चाही. पहिला पावणेतीन तासांच्या जवळ जातो, दुसरा दीड तासापेक्षा थोडा मोठा. दोन्ही एकाच कादंबरीवरून केलेले, पण पाहण्याचा अनुभव पूर्ण वेगळा. मोठा चित्रपट येण्याच्या सुमारास जवळजवळ त्याच नावाचे स्वस्तातले चित्रपटही यादीत येऊन बसतात. साल, दिग्दर्शक आणि कालावधी या तीन गोष्टी जुळल्याशिवाय पैसे भरू नका. पोस्टरवर विसंबू नका, ते मुद्दामच सारखं केलेलं असतं.

आता 'अरायव्हल'चा अंधार. हा चित्रपट (२०१६) मुद्दाम कमी प्रकाशात, मऊ राखाडी छटांत चित्रित केला आहे. चांगल्या पडद्यावर त्या छटांत भरपूर तपशील दिसतो. घरी तो तीन ठिकाणी हरवतो आणि कुठे हरवला हे ओळखता आलं पाहिजे.

पहिलं ठिकाण म्हणजे दाबलेलं चित्र. ऑनलाइन चित्रपट पाठवताना त्यातली माहिती कमी केली जाते आणि कात्री सगळ्यात आधी गडद भागांवर चालते. फुल एचडी ब्लू-रे डिस्कवर चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जागा असते. ४के डिस्कवर एकूण मर्यादा १२८पर्यंत जाते. ऑनलाइन ४के साधारण १५ ते २५ मेगाबिटमध्ये उरकतं. म्हणून धुक्यात, अवकाशाच्या काळोखात, सूर्याभोवतीच्या उजळ वलयात पायऱ्यापायऱ्यांचे पट्टे किंवा हलणारे चौकोन दिसतात. असे चौकोन दिसले तर दोष ऑनलाइन येणाऱ्या चित्राचा. इंटरनेटचा वेग मोजा, वाय-फायऐवजी केबल लावा, त्याच वेळी घरात दुसरं कोणी काही उतरवून घेत असेल तर थांबवा. लॅपटॉपच्या ब्राउझरवर बघत असाल तर ४केचे पैसे भरूनही अनेकदा खालच्या दर्जाचं चित्र मिळतं, कारण कॉपी-संरक्षणाच्या अटी ब्राउझर पूर्ण करत नाही. टीव्हीतलं किंवा टीव्हीला जोडलेल्या पेटीतलं ॲप वापरा. जुना ॲम्प्लिफायर मध्ये जोडलेला असेल आणि तो एचडीसीपी २.२ (कॉपी-संरक्षणाची एक पद्धत) मानत नसेल, तरी ४के मिळणार नाही. अशा वेळी पेटी थेट टीव्हीला जोडा.

दुसरं ठिकाण काळ्या रंगाच्या पातळीचा घोळ. चित्र पाठवण्याच्या दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत काळा म्हणजे ० आणि पांढरा म्हणजे २५५, दुसरीत काळा १६ आणि पांढरा २३५. चित्रपट दुसऱ्या पद्धतीने साठवलेले असतात. पेटी पहिल्या पद्धतीने पाठवत असेल आणि टीव्ही दुसरीची अपेक्षा करत असेल, तर सगळ्या गडद छटा एकाच काळ्या डागात मिसळून जातात. उलट झालं तर काळ्याच्या जागी राखाडी धुरकटपणा येतो. तुमच्या वर्णनावरून (केस, कोट आणि भिंत एकच काळी दिसते) हाच दोष वाटतो. दोन्ही उपकरणांच्या सेटिंगमध्ये 'एचडीएमआय रेंज' किंवा 'ब्लॅक लेव्हल' शोधा आणि दोन्हीकडे 'लिमिटेड' किंवा दोन्हीकडे 'ऑटो' ठेवा. ब्राइटनेस वाढवून हा दोष जात नाही. मिसळून गेलेल्या छटा परत येत नाहीत, नुसता काळा रंग राखाडी होतो.

तिसरं ठिकाण टीव्हीच्या मदतीच्या सोयी. ऊर्जाबचत आणि खोलीच्या प्रकाशानुसार चित्र कमी-जास्त करणारा सेन्सर, दोन्ही बंद करा. एचडीआर (जास्त उजळ आणि जास्त गडद छटा असलेला) चित्रपट फिका-अंधारा दिसण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे. पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' निवडा. 'व्हिव्हिड' नको. शार्पनेस शून्याजवळ आणा. स्वस्त टीव्हीवर ४के एचडीआरपेक्षा साधी एचडी प्रत जास्त स्पष्ट दिसते, कारण त्या टीव्हीला एचडीआरची उजळ टोकं झेपत नाहीत आणि तो सगळंच चित्र खाली ओढतो. तेव्हा स्वस्त दरातली एचडी प्रत घ्या, यात कमीपणा काही नाही.

'मोशन स्मूदिंग'वर मात्र थोडं थांबतो, कारण विज्ञानपटाचं सगळ्यात मोठं नुकसान ते करतं. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा असतो. टीव्ही मधली चित्रं स्वतः कल्पनेने बनवून घालतो आणि हालचाल गुळगुळीत करतो. त्यामुळे भव्य यान प्रतिकृतीसारखं दिसू लागतं, सेट हा सेट वाटतो, आणि ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवरून यान सरकताना त्याच्या कडेचे तारे थरथरतात, कारण कुठला ठिपका यानाचा आणि कुठला आकाशाचा हे त्या गणिताला ठरवता येत नाही. बंद करा. बंद केल्यावर संथ सरकणाऱ्या दृश्यांत बारीक अडखळण जाणवली तर तिचं कारणही समजून घ्या: ६० हर्ट्झच्या पडद्यावर २४ चित्रं बसवायला एक चित्र दोनदा, पुढचं तीनदा दाखवावं लागतं. पेटीत 'मॅच फ्रेम रेट' हा पर्याय असेल तर सुरू करा. १२० हर्ट्झच्या टीव्हीवर प्रत्येक चित्र नेमकं पाच वेळा बसतं आणि अडखळण जाते.

वर-खाली काळ्या पट्ट्या दिसतात त्या घालवायला 'झूम' दाबू नका. २.३९ः१ प्रमाणाचं चित्र १६ः९ पडद्यावर बसवलं की उंचीचा चौथा हिस्सा रिकामा राहणारच. झूम केलं तर तेवढाच हिस्सा डाव्या-उजव्या बाजूंनी कापला जातो. 'इंटरस्टेलर' आणि त्याच्यासारखे काही चित्रपट डिस्कवर मध्येच पट्ट्या घालवतात आणि पुन्हा आणतात, कारण काही दृश्यं मोठ्या आयमॅक्स फिल्मवर चित्रित केलेली आहेत. तोही बिघाड नाही.

'इंटरस्टेलर'चा आवाज. दिग्दर्शकाने जाहीरपणे सांगितलं आहे की काही जागी संवाद संगीताखाली बुडवणं हा त्याचा निर्णय होता. मला तो निर्णय रॉकेट उडतानाच्या दृश्यात पटतो. मृत्युशय्येवरचा माणूस कथेची किल्ली सांगत असताना पटत नाही. म्हणून तक्रार अर्धी खरी. उरलेला अर्धा भाग असा: चित्रपटाचा आवाज सहा वाटांनी येतो आणि संवाद बहुतेक मधल्या वाटेत असतात. टीव्हीला दोनच स्पीकर असतील आणि पेटी सहा वाटांचा आवाज पाठवत असेल, तर टीव्ही ते मिश्रण कसंतरी करतो आणि संवाद दबतात. पेटीच्या सेटिंगमध्ये आवाज 'स्टिरिओ' किंवा 'पीसीएम' करा. 'नाइट मोड' असेल तर मोठे आणि बारीक आवाज जवळ आणतो, रात्री उपयोगी. साउंडबारला मधला स्पीकर असेल तर तेवढाच दोन-तीन टप्पे वाढवा. आणि इंग्रजी सबटायटल लावण्यात संकोच कसला, या चित्रपटासाठी तर लावाच.

आता खरा विषय, विज्ञान. 'हे शक्य आहे का' हा प्रश्न विज्ञानपटाला विचारून उपयोग नाही, कारण त्या कसोटीवर जवळजवळ सगळेच नापास. मी कसोटी लावतो ती अशी: चित्रपटाने पहिल्या अर्ध्या तासात एक अशक्य गोष्ट मागून घ्यावी, ती त्याला बिनशर्त द्यावी. त्यानंतर त्याने स्वतःच मांडलेले नियम पाळले का, एवढंच पाहावं. तुमच्या यादीतल्या चित्रपटांना ही कसोटी लावली की 'चूक' आणि 'सूट' वेगळी होते.

'ग्रॅव्हिटी' (२०१३) मागतो ती सूट मोठी आहे: हबल दुर्बिणीपासून अंतराळ स्थानकापर्यंत पाठीवरच्या यंत्राने जाता येतं. प्रत्यक्षात हबलची कक्षा विषुववृत्ताशी २८.५ अंशांनी कललेली आहे, अंतराळ स्थानकाची ५१.६ अंशांनी, आणि चित्रपट आला तेव्हा उंचीतही शंभर किलोमीटरहून जास्त फरक होता. कक्षेचा नुसता कल २३ अंशांनी बदलायचा तर सेकंदाला सुमारे ३ किलोमीटर इतका वेगबदल लागतो. अख्ख्या स्पेस शटलच्या कक्षेतल्या इंजिनांकडून सेकंदाला ३०० मीटरच्या आसपास बदल मिळायचा. पाठीवरच्या यंत्राकडून? सुमारे २५ मीटर. म्हणजे हे कित्येक पटींनी अशक्य आहे. तरीही ही चूक मी धरत नाही. ही सूट दिल्याशिवाय गोष्टच उभी राहत नाही. आणि ती घेतल्यावर चित्रपट कमालीचा काटेकोर आहे. निर्वातात स्फोटाचा आवाज नाही. जे ऐकू येतं ते पोशाखाला स्पर्श झालेल्या वस्तूतून आलेली कंपनं. एकदा गिरकी लागली की ती आपोआप थांबत नाही. अग्निशामकाचा झोत एका बाजूला, शरीर दुसऱ्या बाजूला.

म्हणूनच जी खरी चूक आहे ती जास्त खुपते. दोरीला लटकलेले दोघं थांबतात, दोर ताणलेला असतो, आणि एकाला हात सोडावा लागतो. थांबल्यावर त्याला दूर ओढणारं बल कुठलं? कुठलंच नाही. हलकासा हिसका दिला असता तर तो नायिकेकडे तरंगत आला असता. दोर अजून घसरत होता असा बचाव केला जातो, पण चित्रात दोघंही स्थिर दिसतात. दहा मिनिटांपूर्वी शिकवलेला नियम चित्रपटाने स्वतःच मोडला. तुमच्या मतात लिहायचं असेल तर हे लिहा. हबलची कक्षा नव्हे.

'द मार्शियन'ची (२०१५) सूट म्हणजे सुरुवातीचं वादळ. मंगळावरची हवा इतकी विरळ की दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, घनता साधारण साठावा भाग. वाऱ्याचा जोर घनता आणि वेगाचा वर्ग यांवर ठरतो. म्हणजे ताशी १६० किलोमीटरचं मंगळावरचं वादळ पृथ्वीवरच्या ताशी २० किलोमीटरच्या झुळकीएवढं जाणवेल. यान कलंडणार नाही. ही सूट मूळ कादंबरीच्या लेखकाने जाणूनबुजून घेतली आहे आणि ती दिली की पुढचं रसायनशास्त्र पक्कं आहे. हायड्राझिन (यानाचं इंधन) तोडायचं, त्यातून नायट्रोजन आणि हायड्रोजन, आणि तो हायड्रोजन ऑक्सिजनमध्ये जाळून पाणी. १ किलो हायड्राझिनमधून सुमारे १.१ किलो पाणी मिळतं, हिशेब बरोबर बसतो. स्फोट होतो तोही योग्य कारणाने: त्याच्या उच्छ्वासातून बाहेर पडलेला जादा ऑक्सिजन हिशेबात धरला गेला नव्हता.

चुकतं ते पुढे. उडालेल्या दाराच्या जागी प्लास्टिकचा कागद आणि चिकटपट्टी लावून तो आत राहतो. आत पृथ्वीइतका दाब असेल तर त्या कागदाच्या प्रत्येक चौरस मीटरवर १० टनांचा रेटा आहे. दाब एक तृतीयांश ठेवला तरी ३ टनांहून जास्त. तो कागद वाऱ्यात फडफडताना दाखवला आहे, तेव्हा तो बाहेरच्या बाजूला फुग्यासारखा ताणलेला हवा होता. जो चित्रपट प्रत्येक लिटरचा हिशेब देतो त्याने इथे हिशेब सोडला.

'इंटरस्टेलर'ला (२०१४) लोक नावं ठेवतात ती बहुधा चुकीच्या जागी. एका ग्रहावरचा १ तास म्हणजे पृथ्वीवरची ७ वर्षं हे अशक्य वाटतं; हा वेळेचा सुमारे ६१ हजार पट फरक आहे. पण चित्रपटाचे सल्लागार, भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांनी गणित केलं आहे: १० कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर, आणि त्याचं फिरणं कमाल मर्यादेच्या इतकं जवळ की फरक शंभर लाख कोटींतला एक भाग. निसर्गात असं विवर मिळणं कठीण, पण नियमाबाहेर नाही. खरी विसंगती साध्या जागी आहे. पृथ्वीवरून निघताना त्या छोट्या यानाला टप्प्याटप्प्यांचं अजस्र रॉकेट लागतं, आणि पृथ्वीच्या १.३ पट गुरुत्व असलेल्या पाण्याच्या ग्रहावरून तेच यान एकटंच झेपावतं. पहिल्या दृश्यातला नियम दुसऱ्यात गायब.

'२००१' या कसोटीवर जवळजवळ निष्कलंक आहे. यानातलं फिरतं चाक सुमारे १२ मीटर व्यासाचं. चंद्राएवढं गुरुत्व हवं तर ते मिनिटाला ५ वेळा फिरायला हवं. इतक्या लहान चाकात उभ्या माणसाच्या डोक्याशी जाणवणारं गुरुत्व पायांशी असलेल्याच्या दोन तृतीयांशच भरेल, चक्कर येण्याची शक्यता मोठी. पण एवढं मोजावंसं वाटणं हीच त्या चित्रपटाची ताकद. हेल्मेटशिवाय निर्वातातून आत उडी मारण्याचं दृश्यही शक्य कोटीतलं आहे. १९६६ साली नासाच्या निर्वात कक्षात एका तंत्रज्ञाच्या पोशाखातली हवा निघून गेली. साधारण १४ सेकंदांत शुद्ध हरपली आणि कक्षात हवा भरल्यावर तो सुखरूप बाहेर आला. चूक एवढीच की चित्रपटातला अंतराळवीर उडीआधी श्वास रोखतो. निर्वातात रोखलेली हवा फुप्फुसं फाडते. श्वास सोडून द्यायला हवा.

'प्रायमर' (२००४) कळला नाही यात नवल नाही. ७ हजार डॉलरमध्ये केलेला, ७७ मिनिटांचा हा चित्रपट एकदा पाहून कोणालाच पूर्ण कळत नाही. त्यातलं कालप्रवासाचं यंत्र म्हणजे एक मोठी पेटी; तिचा नियम पकडा म्हणजे बाकी लागत जातं. पेटी सकाळी चालू करायची. संध्याकाळी आत शिरायचं. जेवढा वेळ मागे जायचं तेवढाच वेळ आत पडून राहायचं, आणि पेटी चालू केली त्या क्षणाला बाहेर पडायचं. म्हणजे सहा तास मागे जायला सहा तास लागतात आणि पेटी चालू होण्याच्या आधी कधीच जाता येत नाही. यातूनच पुढचं सगळं निघतं: दिवसभर दोघं हॉटेलच्या खोलीत का कोंडून घेतात (त्याच दिवशी बाहेर त्यांची दुसरी प्रत हिंडत असते), टायमर का लावतात (बाहेर पडणाऱ्याची आणि पेटी लावायला आलेल्याची गाठ पडू नये), आणि आधीपासून गुपचूप चालू ठेवलेली पेटी इतकी धोकादायक का. पेटी घडी करून दुसऱ्या पेटीतून मागे नेता येते, हे एका वाक्यात येऊन जातं. ते वाक्य निसटलं की शेवटचा अर्धा तास हाती लागत नाही. पहिल्यांदा न थांबवता पाहा. दुसऱ्या दिवशी कागदावर आडवी रेघ काढून, कोण कुठल्या वेळेला बाहेर पडलं ते टिपत पाहा. भाड्याच्या मुदतीत दोन्ही बसतं.

मुदतीबद्दल: बऱ्याच सेवांवर पैसे भरल्यापासून ३० दिवसांत सुरू करता येतं आणि प्ले दाबल्यापासून ४८ तास मिळतात, तरी अटी एकदा वाचा, देशागणिक आणि चित्रपटागणिक फरक असतो. थांबवलं तरी घड्याळ चालूच राहतं. म्हणून चित्र आणि आवाजाच्या चाचण्या भाड्याच्या चित्रपटावर करू नका. ट्रेलर फुकट असतो, त्यावर करा. डिस्क भाड्याने आणत असाल तर लावण्याआधी मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल फिरवून पुसलं आणि ओरखडा पडला तर तो माहितीच्या रेषेला समांतर जातो, सलग माहिती नासते आणि प्लेअरला ती दुरुस्त करता येत नाही. डीव्हीडीवर चित्रपटाच्या मध्यावर क्षणभर चित्र थबकलं तर काळजी नको, लेझर दुसऱ्या थरावर जातो आहे.

पुढे काय घ्यावं, तर कमी खर्चाचे घ्या. या प्रकारात पैसा कमी असला की कल्पना जास्त घासूनपुसून येते, असं माझं ठाम मत आहे. 'मून' (२००९) सुमारे ५० लाख डॉलरमध्ये झाला, चंद्रावरच्या गाड्या खऱ्या छोट्या प्रतिकृती आहेत. त्याचा ट्रेलर मुळीच पाहू नका. 'एक्स मॅकिना'ने दीड कोटी डॉलरच्या आसपास खर्च करून दृश्य परिणामांचं ऑस्कर अवाढव्य खर्चाच्या चित्रपटांकडून हिसकावलं. त्यातल्या काचा आणि प्रतिबिंबं बघायची तर एचडीच घ्या, त्याहून खाली नको. 'स्टॉकर' (१९७९) सगळ्यात शेवटी ठेवा. १६३ मिनिटांत अवघे १४२ शॉट आहेत, म्हणजे सरासरी एक शॉट मिनिटापेक्षा लांब. तो दोन भागांत विभागलेला आहे, थकवा आला तर भागाच्या शेवटीच थांबा, दृश्याच्या मध्ये नको.

'प्रायमर' जमला असेल तर त्यानंतर लगेच 'कोहेरन्स' (२०१३) घ्या. ८९ मिनिटं, जवळजवळ सगळा एका घरात, पाच रात्रींत चित्रित केलेला. कलाकारांना पूर्ण पटकथा न देता रोज फक्त आपापल्या चिठ्ठ्या दिल्या जात, त्यामुळे गोंधळलेले चेहरे खरे आहेत. इथेही कागद जवळ ठेवा. सुरुवातीला कोणाच्या फोनची काच तडकते आणि घराघरांतल्या चमकत्या काड्यांचा रंग कोणता, निळा, लाल की हिरवा, एवढंच टिपा. कोण कुठल्या घरातला, हे त्या टिपणावरूनच लागतं.